जिप्सी दोन इंच वर: तासांची वही

५ जानेवारी २०२५, रविवार

जिप्सी उंच करायचं किट काल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून उचलून आणलं. पाट्यांचे (कमानीच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) चार सेट, शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या), चार शॉकअप, आठ यू-बोल्ट, बुशांची पिशवी आणि घडी घातलेलं एक पत्रक. पत्रकावर लिहिलंय, बसवायला ६ ते ८ तास. नाक्यावरच्या मेस्त्रींना ते दाखवलं, तर त्यांनी ते न उघडताच परत दिलं. "सकाळी काढायला घेऊ दादा, संध्याकाळी चालवत बघा." मी स्वतः दोन दिवस धरलेत. कोण बरोबर ठरतं ते बघायला ही वही. फक्त प्रत्यक्ष कामाचा वेळ लिहायचा. जेवण, चहा, गप्पा वजा.

गाडी २००६ ची जिप्सी किंग. चारही बाजूंना पाटे आणि पुढेमागे दोन्ही चाकं जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल, त्यामुळे उंच करायला याहून सोपी गाडी नाही असं सगळे सांगतात. खरंही आहे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत जे दहा सुटे भाग सांभाळावे लागतात ते इथे नाहीतच. पण आमची गाडी पावसजवळ, समुद्रापासून दोन किलोमीटरवर, उघड्या पडवीत अकरा वर्षं उभी आहे, ही गोष्ट पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नव्हती.

उंच का करायची? बागेतली वाट. दोन्ही चाकोऱ्यांच्या मध्ये जांभ्याचा दगड वर आलाय. मागे फवारणीच्या पाण्याचा २०० लिटरचा ड्रम असला की डिफचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा त्यावर घासतो. पाटे इतके बसलेत की मागचे जवळजवळ सरळ पट्टीसारखे दिसतात.

मापं घेतली. जमिनीपासून नाही, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली की माप खोटं पडतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतली. पुढे डावीकडे ४५२ मिलिमीटर, उजवीकडे ४३८. मागे डावीकडे ४४७, उजवीकडे ४३६. ड्रायव्हरची बाजू बसलेली, कारण या गाडीत बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हरच असतो.

फक्त लांब शॅकल घालून स्वस्तात उंची मिळते, तो सल्ला तिघांनी दिला. नाही केलं. एक तर शॅकल दोन इंच वाढवली तरी गाडी एकच इंच उचलते. दुसरं, जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे झुकतो, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं विसरतं. म्हणून शॅकल मूळ लांबीच्या आणि पाटे जास्त कमानीचे.

कायद्याचंही लिहून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतली माहिती जुळणार नाही असा बदल करायला मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. गाडी बागेतच फिरते हे खरं, पण रत्नागिरीला जायला डांबरी रस्ता लागतोच. विमा कंपनीने उद्या बोट दाखवलं तर ते माझ्याकडे. टायर मूळ मापाचेच ठेवणार आहे, २०५/७० आर १५.

६ ते १७ जानेवारी

रोज संध्याकाळी पाच मिनिटं. डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल अर्धं अर्धं, पिचकारीच्या बाटलीतून. एका चाकाला यू-बोल्टचे चार नट, शॉकअपचे दोन, शॅकलचे दोन आणि पाट्याच्या पक्क्या टोकाचा एक. म्हणजे नऊ. चार चाकांचे ३६. छत्तीसच्या छत्तीस भिजवले. संक्रांतीच्या दिवशीही. तिळगूळ देऊन झाल्यावर हात डिझेलचे, त्यावरून घरात बोलणी खाल्ली.

हा वेळ हिशेबात धरत नाही. धरायला हवा, पण मग वहीच फाडावी लागेल.

१८ जानेवारी, शनिवार

७:४० ला सुरुवात. मेस्त्री, चुलतभाऊ आणि मी. मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, चासीखाली दोन घोड्या, शिवाय काढलेली चाकं चासीखाली आडवी सरकवून ठेवली. घोडी सरकली तर निदान चाकावर बसेल. अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक, कारण पाटे सुटले की तो नुसताच लोंबकळतो आणि त्याचं सगळं वजन ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) येतं. ८:३० ला पाना हातात घेतला.

जेवणापर्यंत ठीक चाललं. पुढच्या आठ यू-बोल्ट नटांपैकी पाच पान्याने सुटले, तीन ग्राइंडरने कापले. यू-बोल्ट नवेच आहेत, त्यामुळे कापायचं दुःख नाही. शॉकअप निघाले. डाव्या शॉकअपचा दांडा हाताने ढकलला तर काही जोर न लागता आत गेला. गेली किती वर्षं गाडी शॉकअपशिवाय चालत होती कोण जाणे.

मग डावा पक्का बोल्ट. २:१५ ला.

नट एका मिनिटात निघाला. मेस्त्रींनी तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बघा, उगाच घाबरत होतात." मग बोल्टच्या डोक्याला पाना लावून फिरवलं. बोल्ट फिरला. छान, मोकळा फिरला. पण बाहेर येईना. आतली गोष्ट अशी की पाट्याच्या कानात (टोकाच्या गोल वेटोळ्यात) रबरी बुश असतो आणि बुशाच्या मधोमध लोखंडी नळी. बोल्ट त्या नळीत गंजून एकजीव झालेला. आम्ही बोल्ट फिरवत होतो तेव्हा नळीही फिरत होती आणि रबर नुसतं पिळलं जात होतं. पाना सोडला की बोल्ट हळूच उलटा फिरून पूर्ववत. चुलतभाऊ हसायला लागला. मेस्त्री नाही हसले.

घण घातला. बोल्टचं टोक छत्रीसारखं पसरलं, म्हणजे आता भोकातून निघण्याचा प्रश्नच मिटला. ते घासून परत गोल केलं. गॅस मारला. रबर पेटलं, काळा धूर थेट पडवीत. आईने आतून विचारलं, "गाडी जळली का रे?" पेट्रोलची गाडी, पेट्रोलचा पाइप चासीला लागूनच जातो. त्यावर आधीच ओला गोणपाट गुंडाळला होता आणि हौदातून भरलेली बादली शेजारी होती, म्हणून मी निर्धास्त होतो असं म्हणणार नाही, पण जागेवर उभा राहिलो. रबर जळून गेलं तरी नळी बोल्टला सोडेना.

शेवटी कापायचं ठरलं. पाट्याचा कान आणि तो ज्यात अडकतो तो चासीचा हँगर यांच्यात जेमतेम तीन मिलिमीटरची फट. एक मिलिमीटर जाडीची ब्लेड त्यात घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा. ब्लेड हँगरला लागली तर चासीला खाच. ग्राइंडर आडवा बसेना, म्हणून मेस्त्री पाठीवर झोपून उलट्या हाताने कापत होते. मी बॅटरी धरून फक्त एकच गोष्ट बघत होतो, ठिणग्यांचा रंग आणि दिशा. बोल्ट कापताना ठिणग्या सरळ मागे जात होत्या. ब्लेड हँगरला टेकली की त्या तिरक्या उडत. "वर जाताय," एवढंच बोलायचं. पाच ब्लेडी गेल्या. ६:४५ ला पाटा धप्पकन खाली पडला, आणि कानात अडकलेला बोल्टचा तुकडा तसाच त्याच्याबरोबर.

एका बोल्टला ४ तास १० मिनिटं.

आजचा वेळ: ९ तास ३० मिनिटं. बसवलं काहीच नाही.

१९ जानेवारी, रविवार

उजवी बाजू १ तास ५० मिनिटांत मोकळी. कारणं दोन. पहिलं, घणाच्या वाटेला गेलोच नाही. नट निघाला, बोल्ट निम्मा आला आणि अडला, तेवढ्यावर थेट ब्लेड. दुसरं कारण गमतीचं. उजवीकडे स्टेअरिंग बॉक्स गळतो. कितीदा त्याला शिव्या दिल्या, सील बदलायचं ठरवलं आणि राहून गेलं. ते तेल वाऱ्याने मागे जाऊन हँगरवर वर्षानुवर्षं बसलं होतं. धुळीचा आणि तेलाचा बोटभर थर खरवडला तर खाली लोखंड कोरं करकरीत. यू-बोल्टसुद्धा उजवीकडचे चारही सुटले होते, कापावे लागलेले तिन्ही डावीकडचे. सील आता बदलू की नको, कळत नाही.

हँगर तारेच्या ब्रशने घासले, रेड ऑक्साइड लावला. एक तास.

मग नवा पाटा लावून बघितला आणि थांबलो. जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात. पाट्यांचा जुडगा बांधणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं वर येतं आणि ते अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू नये म्हणून तेवढाच आधार. नव्या सेंटर बोल्टचं डोकं भोकापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं. मेस्त्री म्हणाले, यू-बोल्ट आवळले की जाईल आत. नाही जाणार. तिरकं बसेल, वर्षभरात डोकं तुटेल आणि अ‍ॅक्सल वाकडा चालायला लागेल. ग्राइंडरने घासू म्हणाले. घासलं की गोल राहत नाही. लेथच हवा, आणि आज रविवार.

थोडी तोंडातोंडी झाली. चहा पिऊन मिटली.

आजचा वेळ: ३ तास ३० मिनिटं, त्यात न बसलेल्या पाट्यावर वाया गेलेली ४० मिनिटं.

२१ जानेवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून मिरजोळे एमआयडीसीत, बाइकवर. चारही सेंटर बोल्ट पिशवीत. पाट्यांचा सेट सैल होऊ नये म्हणून घरी तो शिकंज्यात दाबून बोल्ट काढले होते. लेथवाल्याने डोकं कॅलिपरमध्ये धरलं, मी आणलेलं भोकाचं माप बघितलं आणि विचारलं, "घट्ट पाहिजे की हाताने बसणारं?" हाताने बसणारं, पण हलणारं नको. चार बोल्ट, २५ मिनिटं. जाऊन-येऊन, रांगेत थांबून तीन तास. हे तीन तास धरतोय, कारण यांच्याशिवाय पुढे जाताच आलं नसतं.

येताना पुढच्या कलमांवर मोहोर दिसला. यंदा बरा आहे. फवारणी थांबत नाही, आणि ड्रम न्यायला गाडी नाही. काकांनी भाड्याने पिकअप सांगितली आहे. त्याचे पैसे किटच्या खर्चात धरावेत असं त्यांचं म्हणणं.

२५ जानेवारी, शनिवार

पुढचे दोन्ही पाटे, शॉकअप, शॅकल: २ तास ३५ मिनिटं. सेंटर बोल्टचं डोकं भोकात टक् असा आवाज करून बसलं तेव्हा तिघेही एकदमच "हां" म्हणालो.

इथे एक महत्त्वाचं भांडण. मेस्त्रींच्या हातात हवेची बंदूक होती आणि ते शॅकलचे, पक्क्या टोकाचे सगळे नट जागच्या जागी आवळायला निघाले. मी हात धरला. चाक हवेत असताना पाटा पूर्ण लोंबतो. त्या स्थितीत बुश आवळला की रबर तिथेच चिमटलं जातं. मग गाडी खाली आली, पाटा सपाट झाला, की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून हे नट आत्ता फक्त हाताने टेकवायचे. गाडी चाकांवर उभी राहिली, दोनदा हलवली, की मग आवळायचे. यू-बोल्ट मात्र आत्ताच, आडवेतिडवे, थोडे थोडे, पत्रकातल्या ७० न्यूटन-मीटरवर.

"तीस वर्षं मी असंच आवळतोय," मेस्त्री म्हणाले.

"आणि बुश किती वर्षं टिकतात, मेस्त्री?"

उत्तर आलं नाही. बंदूक खाली ठेवली गेली.

दुपारी मागची बाजू. डावा पाटा २ तास १० मिनिटांत काढला, सरळ ब्लेडने, पहिल्या शनिवारची शाळा कामाला आली. उजव्याला २ तास २५: शॅकलची पिन नटासकट तुटली, उरलेला खुंट पंच मारून काढावा लागला. शॅकल किटमध्ये नव्या होत्या म्हणून बरं. घासणं, रंग ५० मिनिटं.

आजचा वेळ: ८ तास.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतलं झेंडावंदन आटोपून दहाला सुरुवात. मागचं बसवणं २ तास २० मिनिटं. गाडी खाली. चौघे मागे चढून नाचलो, पाटे दाबून जागेवर बसवले, मग सगळे शॅकल आणि पक्के नट चाकांवर उभ्या गाडीत आवळले, ४० मिनिटं.

आता ती दिसते कशी! फाटकातून आत येणारा प्रत्येक जण आधी वाकून खाली बघतो.

चालवायच्या आधी एक तपासणी बाकी होती. परत जॅक लावला, चासी उचलली आणि पुढचा अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू दिला. दोन्ही चाकं डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवली. डाव्या चाकाची ब्रेक होज ताणून तारेसारखी. बोटाने छेडली तर वाजली. सपाट रस्त्यावर काही झालं नसतं, पण बागेत चाक खड्ड्यात लटकलं की ती सुटली असती. किटमध्ये होज नाहीत. होजचा पत्रा थोडा खाली वाकवून भागेल, असा एक सल्ला आला. ब्रेकच्या बाबतीत "भागेल" हा शब्द मला चालत नाही. लांब होज मागवल्या, दोन्ही बाजूंना.

आजचा वेळ: ३ तास ३० मिनिटं. गाडी परत पडवीत. काका काही बोलले नाहीत, नुसतेच माझ्याकडे बघत राहिले.

१ फेब्रुवारी, शनिवार

होज बदलल्या, ब्रेकच्या तेलातली हवा काढली. आधी डावं चाक, मग उजवं, कारण मास्टर सिलिंडर उजवीकडे आहे आणि लांबचं आधी. चुलतभाऊ पॅडलवर, मी खाली. "दाब. धर. सोड." पाऊण तास हेच. पॅडल दगडासारखं झाल्यावर थांबलो. एकूण २ तास १५ मिनिटं.

अंगणातून रस्त्यावर काढली. गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंगचा आडवा दांडा घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखा सरळ आडवा राहण्याऐवजी तिरका दिसतोय. अपेक्षितच होतं. गाडी वर गेली, स्टेअरिंग बॉक्स वर गेला, चाकं तिथेच राहिली, त्यामुळे दोन्हींना जोडणारा मधला दांडा, ड्रॅग लिंक, तिरका झाला आणि त्याने चाकं एका बाजूला ओढली. लिंकचे लॉकनट सैल करून लिंक फिरवत लांबी जुळवायची. अर्धा आटा, चालवून बघ, परत अर्धा आटा. ५० मिनिटं.

मग बागेत. ड्रम भरून. त्या जांभ्याच्या दगडापाशी चुलतभाऊ उतरून आडवा झाला आणि खालून ओरडला, "जाऊ दे, जाऊ दे!" गेली. आवाज नाही.

आजचा वेळ: ३ तास ५ मिनिटं.

२ फेब्रुवारी, रविवार

बेरीज केली.

जुनं काढणं १५ तास ५ मिनिटं. नवं बसवणं आणि आवळणं ५ तास ३५. लेथ ३ तास. ब्रेकची तपासणी आणि होज २ तास ४५. घासणं-रंग १ तास ५०. जॅक-घोड्या पहिल्या दिवशी ५० मिनिटं, स्टेअरिंग ५० मिनिटं, वाया ४० मिनिटं. एकूण ३० तास ३५ मिनिटं.

म्हणजे पत्रक खोटं बोलत नव्हतं. बसवायला सहा तासही लागले नाहीत. त्यांनी घड्याळ लावलं ते जुने पाटे जमिनीवर आल्यावर, एवढाच फरक. नागपूर-अमरावतीकडच्या कोरड्या हवेतली हीच गाडी असती तर बहुधा एका दिवसात आटोपलं असतं. कोकणातल्या कुणी विचारलं तर मी आधी पक्क्या बोल्टचं डोकं बघायला सांगेन: त्याचे सहा कोपरे अजून दिसतात का. दिसत असतील तर दोन दिवस. गोल झाले असतील तर चार नवे बोल्ट, दहा ब्लेडी आणि दोन शनिवार-रविवार आधीच बाजूला काढावेत. बोल्ट पाट्यांबरोबर येतील असं धरू नये, आम्हाला ते ऐनवेळी रत्नागिरीतून शोधून आणावे लागले.

मेस्त्रींना बेरीज दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट वाचली. "यातले दहा तास तुमच्या बोलण्याचे," म्हणाले. मजुरी मात्र त्यांनी चारच दिवसांची घेतली, मी पाचची देत होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

३८० किलोमीटर झाले. यू-बोल्ट परत आवळले, ३५ मिनिटं. सोळापैकी पाच नट थोडे फिरले, एक तर चांगला पाव फेरा. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसा जुडगा बारीक होतो आणि बोल्ट सैल पडतो. हे केलं नसतं तर कळलंही नसतं.

मापं: पुढे डावीकडे ५०१, उजवीकडे ४९९. मागे ४९८ आणि ४९६. पहिल्या दिवशी याहून आठ-नऊ मिलिमीटर जास्त होती, बसली. डाव्या बाजूला दोन इंच म्हणजे दोन इंचच आले. उजवीकडे साठ दिसतात, पण त्यात जुनी झुकलेली बाजू सरळ झाल्याचे आहेत. पाट्यांची कुरकूर आहे, मागे डावीकडे, थंड असताना. राहू दे.

काल रात्री गणपतीपुळ्याहून येताना समोरचा प्रत्येक जण दिवे मारत होता. मला वाटलं ओळखीचे आहेत. घरी आल्यावर लक्षात आलं, गाडीबरोबर हेडलाइटही वर गेलेत, उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. आज अंधार पडल्यावर पडवीच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी केली, दिव्याच्या उंचीवर खडूने रेघ मारली, आणि उजेडाची कड रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत मागचा स्क्रू फिरवत बसलो. डावा लगेच आला. उजव्याचा स्क्रू गंजलाय.

आईने ओटीवरून विचारलं, "झालं का एकदाचं?"

म्हटलं, डिझेलची बाटली कुठे ठेवलीस?